थंड पाण्यासाठी ड्रायसूट : ट्रायलॅमिनेट की निओप्रीन?

मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी ३ मिलिमीटरचा वेटसूट (निओप्रीन या फुगीर रबराचा, आत पाणी येऊ देणारा पोशाख) पुरतो. आइसलंडमधल्या सिल्फ्राच्या भेगेत मात्र पाणी बारमाही २ ते ४ अंश; तिथे ७ मिलिमीटरचीही डाळ शिजत नाही. वेटसूटची ऊब निओप्रीनमधल्या हवेच्या बुडबुड्यांची, आणि १० मीटर खोलीवर दाब दुप्पट झाला की तेच चेपतात. म्हणजे ऊब हवी तिथेच सूट पातळ! १० अंशांखाली सरळ ड्रायसूट, म्हणजे आत पाणी न शिरू देणारा सूट, घ्यावा.

त्यातही आमचा कौल ट्रायलॅमिनेटला, म्हणजे तीन थर जोडलेल्या पातळ कापडाच्या सूटला. कापड स्वतः उबदार नसतं, पण आतले कपडे पाण्यानुसार बदलता येतात आणि सूट लवकर वाळतो. निओप्रीनचा ड्रायसूट अंगासरशी बसतो, पाणी शिरलं तरी थोडी ऊब राखतो. वाळायला मात्र रडवतो. आत सुती बनियन नको, घाम धरून बसतं. मेरिनो लोकर, वर फ्लीस.

दुकानात हे कपडे घालूनच माप पाहा. उकिडवं बसा, उलट्या हाताने खांद्यामागे पोचा. गळ्याचं लॅटेक्स सील (पाणी अडवणारी रबरी पट्टी) सैल असलं तर गळतं, फार घट्ट असलं तर भोवळ येते. केसांची एक बट अडकली तरी पाठ भिजलीच. मूठ आवळली की मनगटाच्या दोऱ्या (स्नायूबंध) वर येतात आणि त्या खाचेतून पाणी शिरतं, म्हणून सील मनगटाच्या हाडामागे, कोपराच्या बाजूला सरकवा.

सूटच्या पितळी चेनला मेण लावा, दात बंद असताना, बाहेरून. सिलिकॉन स्प्रे सीलवर उडाला तर पुढे दुरुस्तीचा गोंद धरत नाही.