भोवरे की गुरुत्वाकर्षण?
दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह, कशा घडल्या याविषयी हौशी अभ्यासकांत दोन कल्पना वारंवार आढळतात. आरंभीच्या वायूतील भोवऱ्यांच्याच दीर्घिका झाल्या, ही पहिली कल्पना सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्र पाहताना मोहक वाटते (मलाही वाटली होती), परंतु चहा ढवळून चमचा काढल्यावर भोवरा विरतो, तसे प्रसरणाऱ्या विश्वात असे भोवरे मंदावत जातात. किंचित दाट भागांनी भोवतालचे द्रव्य ओढून घेतले, ही दुसरी कल्पना अधिक भक्कम आहे, कारण १९९२ मध्ये कोबे उपग्रहाच्या मोजमापांतून पार्श्वप्रारणाच्या (विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या, सर्व आकाशातून येणाऱ्या क्षीण प्रारणाच्या) तापमानात लाखात सुमारे एक भाग इतका फरक, म्हणजे अशा दाट भागांची खूण, दिसला. मात्र विश्व ३,८०,००० वर्षांचे होईपर्यंत साधे द्रव्य प्रारणाशी जखडलेले होते, आणि त्यानंतर असे फरक जेमतेम हजारपट वाढू शकतात, म्हणजे शंभरात एक. तेवढ्याने दीर्घिका बनत नाही. प्रारणाशी न जखडलेले कृष्णद्रव्य (प्रकाश न देणारे, गुरुत्वाकर्षणानेच जाणवणारे द्रव्य) त्याआधीच गोळा होऊ लागले होते, असे मानल्यावरच हिशेब जुळतो.