मुतात लिंबू पिळलं आणि माझा घोडा गेला

कर्नाटकातल्या चिकोडी-निपाणी पट्ट्यात ज्यांच्या दारात घोडा आहे, त्यांनी हे वाचाच. माझा पंचकल्याण (चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला) घोडा, पाखऱ्या, घेताना दीड लाखाचा होता, तो मी ३५ हजारांना देऊन बसलो. कुणी चोरला नाही, दमदाटी करून नेला नाही. मीच हात जोडून 'घेऊन जा' म्हटलं.

घोड्याचं कौतुक आमच्या भागाला नवं नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे हिरा-मोती हे घोडे दर वारीला माऊलींच्या पालखीसाठी आळंदीपर्यंत चालत जातात, ते बघतच आम्ही वाढलो. आजोबांचा बेळगावात टांगा होता. पण वडिलांनी घोडा सोडला आणि ऊस-म्हशी धरल्या. त्यामुळे मला जे कळतं ते म्हशीचं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या बिलातून पाखऱ्या घेतला. लग्नसराईत वरातीला जायचा, एरवी घरची हौस. चंदी (दाण्याचा खुराक) किती द्यायची, खरारा कसा करायचा, नाल कधी बदलायचे, सगळं शिकलो. तो मुततो कसा, हे मात्र कधी नीट पाहिलं नाही. म्हशीसारखंच असणार, एवढाच माझा हिशोब.

मायाक्का चिंचलीच्या जत्रेत एकानं किंमत विचारली. विकायचा नाही म्हटलं तरी रागावला नाही. उलट चहा पाजला, नंबर घेतला आणि जाता जाता सांगितलं, "मालक, मेथीघास घाला, अंगावर तेज चढतं बघा." आता मागं वळून बघितलं की वाटतं, फसवणूक तिथंच सुरू झाली. घासात खोट काहीच नाही. पण त्यात चुन्याचा अंश भरपूर, आणि घोड्याच्या अंगाला नको असलेला चुना मुतावाटे बाहेर पडतो. तीन आठवड्यांत पाखऱ्याचं मूत ताकासारखं झालं. ठाणावरच्या फरशीवर पांढरी पुटं धरायला लागली.

नेमका तेव्हाच त्याचा फोन. "बरा हाय न्हवं घोडा?" मी सांगितलं. "अगाई! मूत पांढरं? आमचा डाक्टर हिकडंच आलाय, धाडतो."

बोलेरोतून आलेला तो 'डाक्टर' ठाणापाशी तासभर नुसता बसून राहिला. पाखऱ्यानं मागचे पाय फाकवले, अंग पुढं ताणलं, कण्हला आणि धार सोडली. "बघा, कसा ताणतोय. मूत अडकलंय." शेवटची धार त्यानं बाटलीत धरली, ती सुरुवातीपेक्षाही दाट. थोड्या वेळानं तळाला पांढरा गाळ बसला. "हा पू." मग खिशातून लिंबू काढलं, अर्धं कापलं आणि बाटलीत पिळलं. सोड्याची बाटली फोडावी तशी ती फसफसून वर आली, फेस त्याच्या बोटांवरून ओघळला. "इख उकळतंय आत. किडनी गेली." उंबऱ्याशी सांडलेलं सकाळचं मूत दुपारपर्यंत तांबूस झालं होतं, तेही दाखवलं. "आणि ते रगत." माझी बायको तिथंच रडायला लागली.

त्यानं इंजेक्शन दिलं. पंधरा-वीस मिनिटांत पाखऱ्याची मान गुडघ्यापर्यंत खाली आली, ओठ लोंबला, इंद्रिय बाहेर पडून तसंच लटकत राहिलं, पाय डुलायला लागले. तासाभरात दोनदा मुतला. रोज एक इंजेक्शन, असे पाच दिवस. १२ हजार रुपये गेले आणि घोडा रोज डोळ्यांदेखत मरतोय असं दिसायचं.

सहाव्या दिवशी जत्रेतला माणूस आला. "ग्लँडर्स असंल तर सरकार सुई देऊन मारतंय, म्हशींवर बी गंडांतर. माझा एक वळखीचा हाय, इलाज करून बघंल, ३५ देतो." तयार करून आणलेल्या कागदावर मी सही केली.

पुढं महिन्याभरानं पाहुण्यांच्या लग्नाचा व्हिडिओ आला, इचलकरंजीकडचा. हलगीवर घोडा नाचतोय. मागच्या उजव्या पायाचा पांढरा मोजा पार ढोपरापर्यंत. तो पाय मी दोन वर्षं धुतला होता.

म्हैस दाखवायला गेलो तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. कन्नड माणूस, पण मराठी झकास. ते आधी हसले आणि मग गप्प झाले. म्हणाले, घोड्याचं मूत गढूळ आणि बुळबुळीतच असतं, चुनखडीचे कण आणि चिकट स्राव असतो त्यात. शेवटची धार जास्त दाट, कारण गाळ पिशवीच्या तळाला बसलेला असतो. "लिंबू शहाबादी फरशीवर पिळा, तीही चुनखडीचीच, तीही फसफसेल. तिची किडनी गेली का?" हवा लागली की घोड्याचं मूत आपोआप तांबूस पडतं, ते रक्त नव्हे. पाय फाकवून ताणणं आणि कण्हणं ही घोड्याची मुतायची रीतच. घोडी थोडी वाकते, शेपूट उचलते. दिवसातून चार-सहा वेळा, सगळं मिळून ५ ते १५ लिटर, उन्हाप्रमाणं आणि पाण्याप्रमाणं कमीजास्त. आणि इंजेक्शन? "बहुतेक गुंगीचं. त्यानं मान पडते, इंद्रिय सुटतं, मूतही वाढतं." ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगात नाकातून चिकट घाण येते, कातडीवर गाठी फुटतात. त्यात घोडा मारावा लागतो हे खरं, पण आधी रक्ताचा नमुना जातो, अहवाल येतो. बोलेरोवाल्याच्या तोंडी शब्दावर नाही.

मी विचारलं, मग खरा आजार ओळखायचा कसा? त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून दिलं, ते इथं उतरवतो. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटं ठेवली की लागते. श्वास ८ ते १६. अंगाचं तापमान शेपटीखाली गुदद्वारात थर्मामीटर लावून, ९९ ते १०१.५ फॅरनहाइट. हिरड्या गुलाबी आणि ओल्या. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. बरगडीमागं दोन्ही बाजूंना कान लावला तर पोटात गुरगुर ऐकू येते. ती थांबली तर घाबरायचं.

एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. घोडा पुन्हा पुन्हा मुतायला ताणतोय पण धार नाही, पुढच्या पायानं जमीन उकरतोय, वळून कुशीकडं बघतोय, घामेजून लोळतोय, लीद टाकलेली नाही, तर लोक 'मूत अडकलं' म्हणतात आणि मूत सुटायची औषधं देत बसतात. बहुतेक वेळा तो पोटशूळ असतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. चंदी काढून घ्यायची आणि लगेच डॉक्टर. मूत खरंच अडकणं क्वचित. दुसरी भीतीची खूण रंगाची, पण ती धारेतच दिसते, वाळल्यावर नव्हे. दोन-तीन दिवस घोडा ठाणावर बांधून पूर्ण चंदी दिली आणि मग एकदम पळवला, की कधी कधी मागचा भाग लाकडासारखा ताठ होतो आणि धार कॉफीसारखी येते. तेव्हा एक पाऊलही चालवायचा नाही. ताप चढतोय-उतरतोय, घोडा वाळतोय, पोटाखाली सूज, तर सर्रा नावाचा रोग; तो चावऱ्या माशांतून पसरतो. याला रक्ततपासणी लागते, लिंबू नाही.

कागदाचं सांगायचं राहिलं. तो कन्नडमध्ये होता. मी कन्नड बोलतो, पण वाचताना अक्षर अक्षर लावावं लागतं, आणि त्या दिवशी तेवढी लाज कोण पत्करणार? नंतर सातवीतल्या मुलीनं वाचून दाखवला: घोडा आजारी असल्याचं मालकाला ठाऊक आहे, पुढं काही मागणार नाही. पोलिसांकडं गेलो, तर इकडचे म्हणाले घेणारा महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडचे म्हणाले व्यवहार कर्नाटकात झाला, तिकडे जा. सीमेच्या दोन्ही बाजूंना अर्ज पडून आहेत.

परवा कागवाडकडच्या मावसभावाचा फोन आला. त्याच्या घोडीची कुणीतरी किंमत विचारून गेलाय, मेथीघास घाला म्हणाला. मी म्हटलं, घाल की, घोडी आवडीनं खाईल. लिंबू घेऊन कुणी आला, तर त्याला चहाला बसव आणि आधी १९६२ ला, जनावरांच्या डॉक्टरांच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव, मग मला.