७९९ रुपयांचा सुट्टीचा डबा आणि फणसाचा चीक

एप्रिलच्या शेवटी मुलीनं ऑनलाइन मागवून एक डबा परस्पर माझ्या पत्त्यावर धाडला. फोनवर म्हणाली, "आई, ओवी यायच्या आत उघडून बघ. सुट्टीच्या निमित्तानं लहान मुलांना लिहायला-बोलायला शिकवायचा संच आहे." किंमत ७९९ रुपये. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीच्या वर्गावर. त्यामुळे असल्या डब्यांकडे जरा वाकड्या नजरेनंच बघते. तरी मे महिनाभर नातीबरोबर वापरला आणि मगच लिहायला बसले. बनवणाऱ्यांचं नाव देत नाही, मला कुणाशी भांडायचं नाही.

आत छत्तीस चित्रकार्डं, पुठ्ठ्याचा मोठा फासा, बत्तीस पानांची लेखनवही, चार पोस्टकार्डं, पालकांसाठी घडीपत्रक, आणि मोबाइलनं स्कॅन करून ऐकायचे 'बोलण्याचे नमुने'.

फाशापासून सुरुवात करते, कारण डब्यातली खरी किमती वस्तू तीच. सहा बाजूंवर सहा प्रश्न: कोण, कुठे, कधी, काय झालं, मग?, आणि सहावा, वास कसा होता? हा सहावा ज्याला सुचला त्याला मी माझ्या वर्गात बसवून घेतलं असतं. ओवी कोकण रेल्वेनं कुडाळला उतरली, घरी आली, हातपाय धुतले आणि फासा टाकला. वासाचा प्रश्न आला. मी विचारलं, "गाडीत वास कसा होता गो?" एरवी 'प्रवास कसा झाला' म्हटलं की 'छान' म्हणून पळणारी पोर थांबली. म्हणाली, "करबुडेच्या बोगद्यात दिवेच नव्हते. काही दिसत नव्हतं. मग समोरच्या काकांनी डबा उघडला आणि मला वासावरून कळलं, लसणाची चटणी." तो बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे चटणी ओळखून वर मागून खायलाही वेळ मिळतो. तिनं मागितलीही होती. हे 'मग?' पडल्यावर कळलं.

फासा तिसऱ्या दिवशी घडीवर फाटला. पुढे आम्ही ल्यूडोचा फासा घेतला आणि एक ते सहा आकड्यांपुढे प्रश्न कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. काम अडलं नाही. पण ७९९ रुपयांत लाकडी ठोकळा द्यायला काय हरकत होती?

चित्रकार्डं रंगीत, जाड, हाताळायला बरी. पण ही सुट्टी कुणाची? विमानतळ, हॉटेलातला पोहण्याचा तलाव, बर्फावरून घसरणारा मुलगा, छत्रीखाली चष्मा लावून पहुडलेलं कुटुंब. छत्तीसात विहीर नाही, लग्नाचा मांडव नाही, एसटी नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुलं मेमध्ये कुठेच जायची नाहीत. काजूच्या बिया वेचायची, धाकट्या भावंडाला सांभाळायची. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर 'मी सुट्टीत कुठे गेलो' असं लिहिलं होतं. एकानं 'मी कुठे गेलो नाय' एवढं लिहून वही मिटली. तेव्हापासून मी विषय बदलला: सुट्टीत काय सांडलं, काय हरवलं, कोण चिडलं. सांडतं सगळ्यांच्याच घरी. तारा मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला पानं, खडे, शिंपले असल्या भोवतालच्या वस्तूंवर बालवाडी चालवली. त्या गोष्टीला इतकी वर्षं झाली, आणि आपण अजून पोरांना बर्फाची कार्डं देतोय. बर्फाची पाच कार्डं मी काढून ठेवली. त्यांच्या पाठीवर ओवीनं आमची मांजर, खळं आणि पणजीचा अडकित्ता काढला.

'बोलण्याचे नमुने' दोन ऐकले आणि बंद केले. एक मुलगी स्नेहसंमेलनात भाषण करावं तशी सांगते, "माझी सुट्टी अतिशय आनंदात गेली." घडीपत्रकात म्हटलंय की मूल बोलीतलं काही बोललं तर लगेच प्रमाण शब्द सांगून सुधारावं. कृपा करून हे करू नका. डोंबिवलीची ओवी आठ दिवसांत पणजीला "माका नको" म्हणायला लागली होती. पणजी हसली की ती आणखी बोलायची. तिथे मध्येच 'मला म्हणावं' असं टोकलं असतं तर पोर तिथेच गप्प. शुद्धलेखनाला अख्खी शाळा पडलीय. डब्यावर 'निपुण भारतशी सुसंगत' असा शिक्का आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली लहान मुलांच्या पायाभूत वाचन-लेखन-गणितासाठी सुरू केलेल्या त्या अभियानात मौखिक भाषाविकासाला मानाची जागा आहे, हे शिक्का मारणाऱ्यानं एकदा वाचायला हवं होतं.

आता वही. मराठीच्या वहीला चाररेघी आखणी, इंग्रजी अक्षरांची! शिरोरेघ कुठल्या रेघेवर द्यायची हे ओवीला कळेना, मलाही नाही. लहान मुलाला दुरेघी द्या, वरची मात्रा आणि खालचा उकार दोन्हीला जागा राहते. शिवाय गिरवायचा ल हिंदी वळणाचा, दांडीचा. आपला ल पाकळीचा, आणि राज्य शासनानं २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात तोच धरलाय. पोर शाळेत जाऊन कुठला गिरवणार? प्रत्येक पानावर वाक्याची सुरुवात आयती छापलेली: 'मला सुट्टी आवडते, कारण...' ओवीनं तिथे लिहिलं, 'मजा येते.' पुढच्या पानावर, 'खूप मजा येते.' तिसऱ्या पानावर तिनं विमानाला मिशा काढल्या.

त्याच दुपारी पणजीनं खळ्यात फणस फोडला. आधी हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावलं. ओवी मध्ये घुसली, बिनतेलाच्या हातानं चीक धरला आणि तोच हात केसांत घातला. मग तिची आई आली, पाण्यानं धुवायला गेली, ते आणखी चिकटलं, पणजी ओरडली, शेवटी अर्धी वाटी तेल डोक्यावर ओतलं. रात्री ओवीनं हे सगळं फाशाशिवाय तीनदा सांगितलं, दर वेळी पणजीच्या ओरडण्याचा आवाज वाढवून.

सकाळी मी म्हटलं, तुझ्या सोसायटीतल्या मैत्रिणीला कळव की. डब्यातली पोस्टकार्डं काढली तर ती नुसती चित्रं. मागे पत्त्याला जागा नाही, तिकिटाला नाही. मग आम्ही दोघी चालत पोस्टात गेलो. साधं कार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, दोन रुपयांत चार घेतली. ओवीनं ओटीवर पालथं पडून पाऊण तास एक कार्ड लिहिलं. जसंच्या तसं देते:

'फनसाचा चिक केसात गेला. तेल लाव. पानी लाऊ नको. पनजी ओरडते.'

चार वाक्यं, कुठेही 'मजा' नाही. मी लाल पेन उचललं नाही. 'न' आणि 'ण' चं आम्ही दुसऱ्या दिवशी फणस, पणजी, पाणी, लोणचं असं तोंडानं म्हणत बघितलं, पण कार्ड जसं होतं तसंच टपालपेटीत गेलं.

तर घ्यावा का? रोज अर्धा तास मुलाजवळ बसणारं कुणी घरात असेल तर कार्डं आणि फाशासाठी घ्या, तेही सवलतीत मिळाला तर. वही रद्दीत द्या. डबा हातात देऊन आपण स्वयंपाकाला लागू, असा विचार असेल तर पैसे वाचवा. एकट्या मुलाच्या हातात तो दोन दिवसांत पलंगाखाली जाईल. पाचमधले अडीच तारे, त्यातले दोन एकट्या वासाच्या प्रश्नाला.

पोस्टकार्ड पोचायला अकरा दिवस लागले, ओवी त्याच्या आधीच डोंबिवलीत हजर. मैत्रीण इंग्रजी माध्यमाची, तिला मराठी वाचता येईना, म्हणून तिच्या आईनं वाचून दाखवलं. संध्याकाळी ती कार्ड घेऊन खाली आली आणि म्हणाली, "चीक म्हणजे काय?" मुलगी सांगते, दोघी जिन्यात बसल्या आणि जेवायला हाक मारली तरी उठेनात. पणजीचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होता.