नाशिकच्या दहीपुलाजवळच्या बाइंडिंगवाल्या काकांकडून शब्दकोशाची वही बांधून घेतली, त्याबद्दल

दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘बुक बाइंडिंग’ लिहिलंय, त्यामुळे नाव सांगता येत नाही. दहीपुलाकडून भांडी बाजाराच्या बोळात शिरलात की खळीचा वास येतो. तिथेच.

काम काय होतं ते आधी सांगते. गेली ११ वर्षं मी एक भाषा रचतेय. उमावी तिचं नाव. तिचं व्याकरण आहे, लिपी आहे आणि सव्वा अकराशेच्या वर शब्द आहेत. लहानपणी वाड्यात आम्ही च-ची भाषा बोलायचो, ‘मला’चं ‘चलाम’ करायचो. पण ती मराठीच, फक्त वेश बदललेली. उमावीत क्रियापदाच्या शेपटावरून कळतं की सांगणाऱ्याने गोष्ट स्वतः पाहिली की दुसऱ्याकडून ऐकली. तुर्की भाषेत ऐकीव गोष्टीसाठी असं वेगळं रूप आहे हे वाचलं आणि तेव्हापासून ते मला हवंच होतं. पुराच्या दिवसांत पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं हे सांगताना पाहिलेलं आणि ऐकलेलं यात केवढा फरक पडतो, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

शब्द इतकी वर्षं संगणकावरच्या तक्त्यात होते. दोन अडचणी होत्या. एक म्हणजे तक्ता देवनागरीच्या क्रमाने लावला जायचा. उमावीचा क्रम ओठांपासून घशाकडे जातो. प, ब, म, व आधी, क, ग, ह शेवटी. मूल पहिल्यांदा ओठांनीच बोलतं म्हणून मी तो तसा ठेवलाय. शिवाय मला च दोन लागतात, चुलीतला वेगळा आणि चहातला वेगळा. मराठी तोंडाने दोन्ही म्हणते आणि लिहिते एकच, याची मला शाळेपासून रुखरुख आहे. दुसरी अडचण अशी की तक्त्यात शब्द पुसला की तो कधी होता याचा मागमूस राहत नाही. मला खोडलेले शब्दही दिसायला हवे होते.

बाजारात मिळणाऱ्या इंडेक्स रजिस्टरला कडेला ए ते झेड असतं. म्हणून मी काकांकडे गेले. सोबत अक्षरांची यादी नेली होती. १६ व्यंजनं, ५ स्वर. काकांचं वय सत्तरीच्या आसपास असावं. त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरून वाचली. ही कुठली भाषा, म्हणून विचारलं. माझी, म्हटलं. “बरं,” म्हणाले आणि लगेच पुढचा प्रश्न, “कुठल्या अक्षराला किती पानं सोडू?”

सगळ्यांना सारखी, असं मी म्हणणार होते. त्यांनी मान हलवली. “ताई, पतपेढीचं खातेदारांचं रजिस्टर करतो ना मी, त्यात पाटील-पवारांनी ‘प’ची पानं आधी भरतात. ‘ठ’ची कोरी राहतात. तुम्ही मोजून या.”

घरी येऊन मोजलं. ‘म’चे शब्द निघाले २१२ आणि ‘ग’चे ११. असं का, याचा शोध घेता घेता रात्र गेली. कारण उपसर्गात होतं. उमावीत धातूला ‘मे’ लावला की त्याचं हत्यार होतं. ‘सिर’ म्हणजे कापणं, ‘मेसिर’ म्हणजे कात्री. मग कात्री, विळी, सुई, झारा, चाळणी सगळी ‘म’मध्ये येऊन बसलेली आणि ज्यांच्यापासून ती निघाली ते धातू भलत्याच पानांवर. मराठी कोशात ‘प’ जाड असतो त्यामागेही प्र, परि, प्रति हे उपसर्ग आहेतच. झामेनहॉफने १८८७ साली एस्पेरांतो ही स्वतः रचलेली भाषा प्रसिद्ध केली, तिच्यात हत्यारासाठी ‘इल’ हा प्रत्यय आहे आणि तो शब्दाच्या मागे लागतो. त्यामुळे सुरी तिथे कापण्याच्या शेजारीच सापडते. हे मला ठाऊक होतं, पण त्याचा कोशाशी संबंध कधी जोडला नव्हता. मग अमरकोशासारखे विषयवार वर्गच करावेत का, हाही विचार आला. १२व्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन जोगिणीने स्वतः रचलेल्या भाषेचे हजारावर शब्द तसेच लावलेत, देवापासून सुरुवात करून. शेवटी मी ठरवलं की उपसर्ग लागलेला शब्द धातूखालीच लिहायचा. ‘म’ ९४वर आला. जो घोळ मला ११ वर्षं दिसला नव्हता, तो एका बाइंडरच्या प्रश्नाने सुटला.

आता वहीबद्दल. फुलस्केप आकार, ४०० पानं, लेजर कागद. १६ पानांचा एक असे २५ जुज, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, आणि ते एकमेकांना शिवायची जुजबंदी शिलाई. वही कुठेही उघडा, सपाट पडते, हाताने दाबून धरावी लागत नाही. माझे वडील नाशिक रोडच्या नोटा-मुद्रांक छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये होते. कागद उजेडात धरून बघायची सवय मला त्यांच्याकडून आली. या कागदावर शाईपेनाची अक्षरं मागच्या बाजूला उमटत नाहीत. खळीत मोरचूद घातलाय, म्हणजे कसर लागायची भीती कमी. अक्षर चटकन सापडावं म्हणून पानांच्या कडेला कापलेल्या पायऱ्या १७ आहेत, पाचही स्वर एकाच पायरीत घ्यायचे ही काकांचीच सूचना. तेवढ्यामुळे प्रत्येक पायरी दोन सेंटिमीटरची झाली आणि अंगठा नीट बसतो. चुलीच्या ‘च’ची आणि चहाच्या ‘च’ची पायरी वेगळी आहे. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मला भरून आलं.

उणिवाही सांगते. दहा दिवस म्हणाले होते, लागले तेवीस. एक पायरी चुकीच्या पानावर कापली गेली होती. मी दाखवल्यावर वाद न घालता तो जुज बदलून दिला, पण तिथली शिलाई जरा सैल वाटते. पुठ्ठ्यावरची सोनेरी अक्षरं ते बाहेरून करून आणतात आणि त्या ठशांत माझी लिपी कुठून असणार. नाव देवनागरीत टाकलंय. एकूण १,१५० रुपये घेतले. एवढ्या हातकामाला मला हे कमीच वाटले.

जाणार असाल तर अक्षरांची यादी तुमच्या क्रमाने आणि प्रत्येकापुढे शब्दांची संख्या लिहून न्या. भाषा नसेल, पाककृतींची किंवा गावाकडच्या शब्दांची वही असेल, तरी मोजूनच न्या. बुधवारी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बाजार असतो, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळत नाही. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की काका कामं वरच्या फळीवर बांधून ठेवतात आणि दुकान बंद असतं. आधी चौकशी करा. मी दिवाळीनंतर दुसरा भाग बांधायला टाकणार आहे, मराठीतून उमावीचा. त्यात ‘प’ला किती पानं लागतील ते मोजायला घेतलंय.