कॅमेऱ्यापासून एलईडी वॉलपर्यंत: कोएक्स, फायबर की नेटवर्क?

कॅमेरा मैदानाच्या मागच्या टोकाला, एलईडी वॉल स्टेजवर आणि मधे दीडशे मीटर गर्दी. गणेशोत्सवाचा मंडप असो, मोठं मंगल कार्यालय असो की नाट्यगृह, केबल कोणती टाकायची हा प्रश्न येतोच. दुकानदार लगेच ‘फोरके’, ‘एटके’ सुरू करतो. माझं मत असं की भर कार्यक्रमात केबल बिघडली तर ती कोण आणि किती वेळात दुरुस्त करणार, हे आधी विचारावं. वेगाचा विचार त्यानंतर.

कोएक्स म्हणजे मधे तांब्याची तार आणि भोवती जाळी असलेली केबल. तिच्यावरचं एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांचा डिजिटल चित्र-सिग्नल) सगळ्यांच्या ओळखीचं. ७५ ओमची केबल, बीएनसी कनेक्टर, आणि बॅगेत क्रिम्पिंग टूल असलं की तुटलेलं टोक पाच मिनिटांत नवं होतं. हा गुण फार मोठा आहे. अडचण अंतराची. एचडीसाठी सेकंदाला १.४८५ गिगाबिट लागतात, थ्रीजी एसडीआयला २.९७ आणि फोरके ६० फ्रेमच्या ट्वेल्व्हजीला ११.८८. चांगल्या आरजी-६ वर (कोएक्सचा नेहमीचा प्रकार) थ्रीजी साधारण शंभर मीटरच्या आसपास जातं, ट्वेल्व्हजी त्याच्या निम्म्यावरच दमतं. शिवाय डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही. आधी पांढरे ठिपके चमकतात आणि दोन-चार मीटर केबल वाढली की पडदा काळा. रिहर्सलला चाललेली केबल संध्याकाळी दगा देते ती यामुळेच, कारण ती आधीपासून काठावरच असते.

कोएक्सचा दुसरा त्रास अर्थिंगचा, आणि तो मला अंतरापेक्षा जास्त गंभीर वाटतो. एलईडी वॉल जनरेटरवर आणि मिक्सरचं टेबल हॉलच्या लाइटवर, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये काही व्होल्टचा फरक असतोच. कोएक्सची जाळी ती दोन टोकं जोडते, त्यातून करंट वाहतो, मग चित्रात पट्टे येतात, बीएनसी लावताना हाताला झटका बसतो आणि नशीब खराब असेल तर पोर्टच उडतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे शुद्ध फायबर टाकलं की हा विषयच संपतो.

इथे एचडीएमआयची तयार फायबर केबल (दुकानात ‘एओसी’ म्हणून मिळते) घेणाऱ्यांची गफलत होते. तिच्यात चित्रासाठी चार मल्टिमोड (रुंद प्रकाशमार्गाचे) तंतू असतात, पण पाच व्होल्ट, ग्राउंड आणि टीव्हीशी होणाऱ्या बोलण्यासाठी बहुतेक केबलमध्ये तांब्याच्या बारीक ताराही असतात. म्हणजे नाव फायबर असलं तरी अर्थिंगची दोन टोकं जोडलेलीच. ही केबल एकाच दिशेने चालते, उलटी ओढली की पुन्हा सगळी ओढा. आणि टोकाचा कनेक्टर चेपला की पन्नास मीटर केबल भंगारात. नाट्यगृहात किंवा बोर्डरूममध्ये पाइपातून कायमची टाकायची असेल तर स्वस्त आणि सोयीची आहे. रोज गुंडाळायच्या कामाला मी ती घेणार नाही.

मला पटतो तो पर्याय म्हणजे दोन्ही टोकांना एसडीआय-फायबर कन्व्हर्टर आणि मधे सिंगलमोड (बारीक प्रकाशमार्गाची) फायबर केबल. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या साध्या मॉड्यूलवर (कन्व्हर्टरमधला, सिग्नल प्रकाशात बदलणारा भाग) दहा किलोमीटरचं अंतर सहज निघतं, त्यामुळे मैदान केवढंही असो, गणित करावं लागत नाही. विलंबही नगण्य: प्रकाशाला फायबरमधून एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. वक्त्याचे ओठ आणि आवाज जुळलेलेच राहतात.

‘फायबर तुटलं तर?’ ही भीती मात्र जुनी झाली. घरोघरी फायबर इंटरनेट आल्यापासून तालुक्याच्या गावातही केबलवाल्याकडे स्प्लाइसिंग (तुटलेले तंतू जोडायचं) मशीन असतं आणि सिंगलमोड हेच त्याचं रोजचं काम आहे. फक्त एक सांभाळा. त्याच्याकडचे कनेक्टर बहुधा हिरवे, टोक ८ अंशांत तिरकं घासलेले. आपल्या कन्व्हर्टरला सहसा निळा, तिरकं न घासलेला एलसी कनेक्टर लागतो. हिरवं निळ्यात घातलं तर मधे फट राहते आणि सिग्नल पडतो, म्हणून निळी पिगटेल (एका टोकाला कनेक्टर लावलेला तंतूचा तुकडा) आपल्याच बॅगेत ठेवा. कनेक्टर साफ करायचं पेनही ठेवाच. सिंगलमोडचा प्रकाशमार्ग जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. मैदानातल्या धुळीचा एक कण तो अडवतो, आणि बिघाड म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

मॉड्यूल घेताना ‘व्हिडिओ एसएफपी’ असंच सांगून घ्या (एसएफपी हे या मॉड्यूलचंच नाव). इंटरनेटचं साधं मॉड्यूल स्वस्त पडतं आणि बऱ्याचदा चालतंही. पण एसडीआयमध्ये काही सपाट रंगांच्या चित्रात एका १ नंतर सलग १९ शून्यं येऊ शकतात आणि साधं मॉड्यूल तिथे गडबडतं. बाकी सगळं सुरळीत, फक्त प्रायोजकाची एकरंगी स्लाइड आली की पडदा झपकतो. असा बिघाड शोधताना रात्र जाते.

ब्रॉडकास्ट कॅमेरा आणि सीसीयू (कॅमेरा नियंत्रित करणारं युनिट) असेल तर निवड तुमच्या हातात नसते. दोन सिंगलमोड तंतू आणि वीज नेणाऱ्या तारा एकत्र असलेली एसएमपीटीई हायब्रिड केबल लागते. महाग आहे, भाड्याने घ्या.

नेटवर्कवरचा मार्ग मी आठ-दहा सिग्नल असतील तेव्हाच सुचवेन. एनडीआयमध्ये (साध्या नेटवर्कवरून चित्र पाठवायची एक पद्धत) चित्र आकुंचित होऊन फुल एचडीला दीडशे मेगाबिटच्या आत बसतं, पण थोडा उशीर येतो. आकुंचन नको असेल तर २११० हे नेटवर्कवरच्या चित्राचं एसएमपीटीई मानक आहे. त्यात ट्वेल्व्हजीएवढं चित्र दहा गिगाबिटच्या स्विचमध्येही मावत नाही, पंचवीसचा लागतो, वर सगळ्या उपकरणांची घड्याळं जुळवणारा जाणकार माणूस हवा.

तेव्हा ५० मीटरच्या आत आणि एकाच वीजपुरवठ्यावर काम असेल तर कोएक्स ठेवा, पैसे वाचवा. त्यापुढे चार तंतूंची, जाड आवरणाची सिंगलमोड केबल रिळावर घ्या. एक तंतू जायला, एक परतीला, दोन राखीव. आवरण काळं असतं, रंगावरून ओळखू नका, त्यावर ९/१२५ (सिंगलमोडची खूण) छापलंय का ते वाचा. आणि पैसे देण्याआधी पूर्ण रीळ जोडून ट्वेल्व्हजी सिग्नल तासभर चालवून घ्या, कारण स्वस्त कन्व्हर्टर तापल्यावर काय करतात ते पहिल्या दहा मिनिटांत दिसत नाही.