ईएन २४ मिळेना, मग माल बदलायचा की पुरवायचा?

ऑर्डर हातात, ड्रॉइंगवर ईएन २४ (निकेल असलेलं मिश्र पोलाद), आणि व्यापारी म्हणतो बार नाही. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या छोट्या शेडवाल्यांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी दोनच वाटा उरतात: माल बदला, नाहीतर आहे तो पुरवून वापरा. मोटारवाल्यांनी दोन्ही आधीच चालून पाहिल्यात.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादावर रेशनिंग होतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र मिळत होतं. म्हणून १९४८ च्या लँड रोव्हरला अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे पत्रे लागले. चासी पोलादाचीच राहिली, भार तिच्यावर होता. पत्रेही सपाट, साध्या वळणाचे ठेवले. मालासोबत डिझाइनही बदललं, हे मला फार मोलाचं वाटतं.

कोरियन युद्धात, १९५१-५२ च्या सुमारास, अमेरिकेत निकेलची टंचाई आली. बंपरवर तांबं, त्यावर मधलं निकेल वगळून थेट पातळ क्रोम आणि वरून लॅकर (पारदर्शक वार्निश), असं काम निघालं. चमक तशीच, पण क्रोमला बारीक तडे असतात. गंज अडवतं ते खालचं निकेल. आपल्याकडे पावसाळ्यात असा पार्ट बाहेर ठेवा, टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसू लागतात.

आता आपलं. ईएन २४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास निकेल असतं, त्यामुळे जाड पार्टही आतपर्यंत कडक होतो. ईएन १९ मध्ये क्रोमियम-मॉलिब्डेनम आहे, निकेलचा आधार नाही. २० मिमीची पिन असेल तर मी ईएन १९ कडेच जाईन. ७०-८० मिमीच्या शाफ्टला नाही, तिथे गाभा मऊ राहतो. टेंपरिंगचं (कडक केलेला पार्ट चिवट करायला पुन्हा तापवण्याचं) तापमान नव्याने ठरवा, एक नग कापून गाभ्याची हार्डनेस बघा. आणि हे सगळं ग्राहकाची लेखी परवानगी हातात आल्यावरच.

माल पुरवण्याचा मोह मलाही झाला होता. बार पुरावा म्हणून मशीनिंगमध्ये काढायची जादा भर कमी ठेवली. वरची डीकार्ब झालेली (कार्बन उडालेली) कातडी पूर्ण निघालीच नाही, हार्डनिंगनंतर पृष्ठभाग मऊ भरला. चाळीस पिना भंगारात गेल्या. तेव्हापासून बचत फक्त कापणीत करतो: पॉवर हॅकसॉऐवजी बँडसॉ, पातळ पात्याने प्रत्येक कापाला थोडा बार वाचतो.

तुकडे गोळा करून काम भागवणार असाल, तर ग्रेड ओळखायला बारच्या टोकाला लावलेल्या रंगावर जाऊ नका. प्रत्येक तुकडा स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राला) लावा, मगच मशीनवर चढवा.