सहा महिने वापरलेले आसनक्रमाचे ॲप: शीर्षासन आधी की सर्वांगासन?

गेल्या आठवड्यात पुढच्या सहा महिन्यांचे १,२०० रुपये न विचारता माझ्या खात्यातून वळते झाले, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. घरचा सराव आणि सोसायटीच्या सभागृहात मी घेते तो सकाळचा वर्ग, या दोन्हींसाठी जानेवारीपासून मी आसनांचा क्रम लावून देणारे हे ॲप वापरत आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पाठ मागे वाकवणाऱ्या ऊर्ध्व धनुरासनानंतर थेट पुढे वाकण्याचे पश्चिमोत्तानासन न देता ते मध्ये भरद्वाजासनासारखे सौम्य पीळ घालते, त्यामुळे पाठ हळूहळू मोकळी होते. घाईच्या दिवशी ही पायरी मीही गाळत असे.

मात्र शेवटच्या भागात ते सर्वांगासन आधी आणि शीर्षासन नंतर ठेवते. आम्ही पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीने शिकलेल्या लोकांना शीर्षासन आधी आणि सर्वांगासन नंतर, हे इतके पक्के ठाऊक असते की हा क्रम पाहून माझा पाराच चढला. तीन तक्रारी केल्या, तिन्हींना शब्दशः एकच उत्तर आले.

एप्रिलमध्ये मात्र माझे मत निम्मे बदलले. म्हैसूरला शिकून आलेल्या एका विद्यार्थिनीने लक्षात आणून दिले की तिथले योगगुरू पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत सर्वांगासन खरोखरच आधी येते. जोइस आणि अय्यंगार हे दोघेही एकाच गुरूचे, योगाचार्य टी. कृष्णमाचार्यांचे शिष्य, त्यामुळे यातील एका क्रमाला सरसकट चूक म्हणणे मला जमेना. पण त्या परंपरेत सर्वांगासन आणि शीर्षासन यांच्यामध्ये हलासन, कर्णपीडासन, पिंडासन असे टप्पे असून त्यांच्या शेवटी मत्स्यासन आणि उत्तान पादासन येते, आणि तिथे पुढे दुमडलेली मान उलट दिशेने मोकळी होते. ॲप मात्र पंचेचाळीस मिनिटांत बसवण्यासाठी नेमकी हीच आसने कापते आणि ताणलेल्या मानेवर लगेच शीर्षासन चढवते. क्रम हाताने बदलता येतो, पण वेळ पाच मिनिटांनी वाढवली की तो पुन्हा जुन्या जागी येतो.

घरी एकट्याने करताना हे सांभाळता येईल. समोर साठीच्या सहा बायका असताना मला ते परवडत नाही, म्हणून वर्गाचा क्रम आता मी पुन्हा चाळीस रुपयांच्या वहीत लिहिते. वर्गणी रद्द केली आहे, पैसे परत मिळालेले नाहीत. ते वसूल करायचे म्हणून डिसेंबरपर्यंत शवासनाच्या घंटेपुरते ॲप चालू ठेवणार आहे, आणि ती घंटा खरोखर मंजुळ आहे.